लहान मुलांचा ईईजी: काम एक नंबर, रिसेप्शन मात्र देवाच्या भरवशावर (५ पैकी ४ स्टार)

मुद्द्याचं आधी सांगते, कारण मोठा रिव्ह्यू शेवटपर्यंत कोणी वाचत नाही. लहान मुलाचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढायचा असेल तर मशीन कुठल्या कंपनीचं, सेंटर किती चकाचक, सोफे कसले हे बघत बसू नका. फोनवर दोनच गोष्टी विचारा, टेक्निशियनला तान्ह्या बाळांची सवय आहे का आणि आलेख वाचणारे डॉक्टर मुलांच्या मेंदूचेच आहेत का. पुण्यातलं हे सेंटर या दोन्हींत पास झालं म्हणून चार स्टार. पाचवा कुठे गेला ते खाली येतंच, त्यात रिसेप्शन आहे, पार्किंग आहे आणि तो एसी पण आहे.

आमची लेक तेव्हा सात महिन्यांची. झोपेतून उठली की दोन्ही हात एकदम वर, मान पुढे, सेकंदभर तशीच ताठ, मग सैल, आणि हे लागोपाठ तीनचारदा. घरात जितकी माणसं तितकी निदानं. सासूबाई म्हणाल्या दचकते, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली. शेजारच्या काकूंच्या मते गॅस, म्हणून पोटाला हिंग. नवऱ्याचं एकच, दात येतायत. मी आपला मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवला आणि साताऱ्यातल्या आमच्या मुलांच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी तो परत परत बघितला, बोलले काहीच नाहीत, आणि मग म्हणाले की ईईजी याच आठवड्यात करून घ्या, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

घाई कशाची ते नंतर कळलं. इन्फंटाईल स्पाझम्स म्हणून एक फिटचा प्रकार असतो, वेस्ट सिंड्रोमही म्हणतात. वेस्ट नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरने १८४१ साली लॅन्सेट मासिकाला पत्र लिहून स्वतःच्याच मुलाच्या या झटक्यांचं वर्णन केलं होतं, कुणाला काही माहीत असेल तर सांगा म्हणून. हे झटके बहुतेक वेळा वर्षाच्या आतच सुरू होतात, दिसायला अगदी किरकोळ, बाळ दचकलंय असंच वाटतं, आणि तिथेच घात होतो कारण लोक गॅसची औषधं देत बसतात आणि तेवढ्यात बाळाची वाढ मागे पडायला लागते. उपचार आहेत, एसीटीएच या हार्मोनची इंजेक्शनं, स्टेरॉइड, विगाबॅट्रिन नावाचं फिटचं औषध, पण ते जितके लवकर तितका फायदा. आणि आकडी म्हटली की आपल्या डोळ्यासमोर तोंडाला फेस आणि हातपाय झाडणं येतं, यात तसलं काहीच नसतं, म्हणून घरातल्यांना पटवणं हेच मोठं काम.

आता आधीचा अनुभव, नाव घेत नाही. पहिल्यांदा आम्ही जवळ पडतं म्हणून दुसऱ्याच एका ठिकाणी गेलो होतो, तिथे बहुतेक मोठ्या माणसांचेच ईईजी होतात. मुलगी टक्क जागी, रडून लालबुंद, त्या दादांनी माप न घेता अंदाजानेच इलेक्ट्रोड, म्हणजे डोक्याला लावायच्या वायरींची टोकं, चिकटवले, ती हाताने ओढून काढतेय, ते परत लावतायत, असं करत वीसेक मिनिटं मशीन चालवलं आणि झालं म्हणाले. झोप लागलीच नाही म्हटलं तर म्हणे चालतं. रिपोर्टात काय, तर सगळीकडे लहरी मंद आहेत, पेशंटच्या लक्षणांशी ताडून बघावं. मी ती ओळ वाचली आणि रात्रभर छताकडे बघत पडले. आमच्या डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवला, म्हणाले यात झोप नाही, यावरून मी काही ठरवणार नाही, पुण्याला जा, आणि या सेंटरचं नाव दिलं.

अपॉइंटमेंटला फोन केला तर तो उचलणारी व्यक्ती कायम दुसऱ्या फोनवर असते की काय कोण जाणे. एकदा लागला तर मला बेराची वेळ देऊन टाकली. बेरा म्हणजे कानाची तपासणी, बाळाला ऐकू येतं का ते बघायची, त्यातही डोक्याला वायरी लावतात म्हणून लोकांची गल्लत होते हे समजू शकते, पण रिसेप्शनवालीची व्हायला नको ना. चिठ्ठीचा फोटो पाठवल्यावर मग चूक कळली. सूचनांची पीडीएफ आली ती सगळी इंग्रजीत, सासूबाईंना मी वाचून दाखवली. डोकं आदल्या रात्री शाम्पूने धुवा, तेल नको, बाळाला पहाटे लवकर उठवा आणि इथे येईपर्यंत झोपू देऊ नका, दूध इथे आल्यावर पाजा. डोक्याला तेल नको हे वाक्य सासूबाईंनी दोनदा वाचायला लावलं, सात महिन्यांत पहिल्यांदाच टाळू कोरडी राहणार होती.

येईपर्यंत झोपू देऊ नका हे लिहिणाऱ्याने सातारा ते पुणे बाळ घेऊन एकदा प्रवास करावा. गाडी सुरू झाली की पोरगी गाढ, हे ठरलेलं. आनेवाडी टोलनाक्यापर्यंत खुळखुळा चालला, पुढे गाणी झाली, खंबाटकीच्या बोगद्यात दिव्यांकडे बघत बसली म्हणून जरा निभावलं, नंतर मी तिच्या पायाला ओला रुमाल लावत होते आणि सासूबाई मला क्रूर म्हणत होत्या. ज्यांना लांबून यायचंय त्यांनी शक्य असेल तर आदल्या रात्रीच पुण्यात मुक्काम करा, हा माझा खराखुरा सल्ला.

पार्किंग नाही. म्हणजे आहे, चार गाड्यांचं, आणि त्यात दोन स्टाफच्या. नवरा गल्लीत गाडी फिरवत राहिला, आम्ही तिघी वर.

आता ज्याच्यासाठी चार स्टार दिलेत ते. टेक्निशियन ताई चाळिशीच्या असाव्यात, आवाज असा की बाळ सोडा, मलाच झोप आली असती. पहिलं वाक्य माझ्याशी नाही, सासूबाईंशी. त्या जावळाकडे बघत होत्या ना, आमच्याकडे जावळ अजून काढलेलं नाही, देवाला जाऊनच काढायचं, त्यामुळे इथे केस कापतात की काय या धास्तीने त्या आल्या होत्या. ताई म्हणाल्या, "आजी, कात्री या खोलीत नाहीच. भांग पाडते फक्त." प्रश्न मिटला.

मग दुसरी धास्ती. "डोक्याला करंट देतात का हो?" हा प्रश्न तिथे येणारा प्रत्येक जण विचारत असणार. करंट देत नाहीत, मशीन फक्त ऐकतं. मेंदूतल्या पेशींचे जे बारीक विजेचे चढउतार असतात ते कवटी आणि कातडीतून बाहेर येईपर्यंत इतके क्षीण होतात की मायक्रोव्होल्टमध्ये मोजावे लागतात, दहा ते शंभरच्या आसपास, आणि ईसीजीत हृदयाचा जो ठोका दिसतो तो साधारण हजार मायक्रोव्होल्टचा, म्हणजे मेंदूचे हे चढउतार त्याच्या कितीतरी पट लहान. म्हणूनच बाळ रडलं, चेहरा आवळला की स्नायूंची वीज सगळं झाकून टाकते, मेंदूचं काही दिसतच नाही. सासूबाईंना धीर यावा म्हणून मी सांगितलं की हे ज्यांनी शोधलं त्या जर्मनीतल्या हान्स बर्गरांनी १९२४ ला माणसाच्या मेंदूचा पहिला आलेख काढला, १९२९ ला छापला, आणि प्रयोगाला स्वतःच्या पोरालाही बसवलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या, "आणि त्याची आई कुठं होती तेव्हा?"

टेपने माप घेणं सुरू झालं तेव्हाच आधीच्या ठिकाणच्यातला फरक कळला. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत एक माप, कानापासून कानापर्यंत दुसरं, मग घेराचं, त्रेचाळीस सेंटीमीटर आला, आणि प्रत्येक मापाच्या दहा टक्के वीस टक्के अंतरावर लाल पेन्सिलीने खूण. टेन-ट्वेंटी म्हणतात याला, १९५८ सालापासून जगभर हीच पद्धत आहे, आणि माप टक्क्यांत असल्यामुळे सात महिन्यांचं डोकं असो की सत्तर वर्षांचं, इलेक्ट्रोड मेंदूच्या त्याच भागावर बसतो. अंदाजाने लावले तर डावी उजवी बाजू ताडून बघण्यात काय अर्थ राहतो सांगा. प्रत्येक खुणेवर जरा खरखरीत जेलने कातडी पुसायची, पांढरी चिकट पेस्ट, त्यावर छोटी वाटी, वर गॉझचा तुकडा. बाळ या वेळी माझ्या मांडीवर, समोर त्यांची मदतनीस मुलगी साबणाचे फुगे सोडत होती, पोरगी फुगे बघण्यात दंग. सगळं लावून झाल्यावर वर पट्टी गुंडाळली, अगदी फेटा बांधल्यासारखी, मागे वायरींचा शेमला. फोटो काढलाय, घरच्या ग्रुपवर हिट झाला.

मग स्क्रीनवर एकेक वायर नीट चिकटलीय का ते आकड्यात तपासलं, जिथे पाचच्या वर दाखवत होतं तिथे परत पेस्ट. नवऱ्याचा मोबाईल भिंतीला चार्जिंगला होता तो काढायला लावला, घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आलेखात शिरते म्हणे. दिवे मंद झाले, मी पाजायला घेतलं आणि सवयीने थोपटायला लागले. तर ताई हळूच, "ताई, थोपटू नका हं, इथे लाटा उमटतात." स्क्रीन वळवून दाखवलं, खरंच, माझ्या प्रत्येक थापेला एक लाट, इतकी एकसारखी की बघणाऱ्याला फिट वाटावी. मग मी एकदा मुद्दाम थोपटून थांबवलं, लाटा पण थांबल्या. त्यांनी त्या जागी शेरा टाकला, आई थोपटते आहे. असे शेरे त्या सतत टाकत होत्या, दूध पितेय, उचकी लागली, मान वळवली, डोळे मिटले. वाचणारे डॉक्टर तिथे नसतात ना, त्यांना स्क्रीनवरची रेघ कशामुळे हलली हे असंच कळणार. व्हिडिओ पण सोबत चालू होता, वर कॅमेरा.

झोपायच्या आधी एक गंमत केली, बाळाच्या डोळ्यांवर अलगद हात धरला काही सेकंद. बाळाला डोळे मीट म्हणून सांगता येत नाही, आणि डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या भागात जी लय येते ती बघायची असते. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मला वाटलं भोऽकुक चाललंय.

झोपेचं औषध दिलं नाही. आधीच्या ठिकाणी दुसऱ्या वेळी येताना सिरप देऊ असं म्हणाले होते. इथे धोरण असं की आधी साधी झोप येऊ द्या, वेळ लागला तरी चालेल, अगदीच नाही जमलं तर डॉक्टरांना विचारून बाळाच्या वजनाप्रमाणे ट्रायक्लोफॉस किंवा मेलाटोनिन. काही काही झोपेच्या औषधांनी लहरीच बदलतात, आलेखात वेगवान रेघा जास्त दिसायला लागतात, म्हणून औषध दिलं तर तेही आलेखावर लिहितात. आमची तर पहाटेपासून जागी, दूध पिता पिता गेली.

आणि खरी गोष्ट उठल्यावर झाली. मला वाटलं आता सोडतील, मी उठायला लागले तर ताईंनी खुणेने बसवलं. चिठ्ठीवर "उठल्यावर झटके" असं लिहिलंय, मग उठल्यावरचं नको का घ्यायला? मशीन चालूच ठेवलं. पुढची बाई बाहेर वाट बघत होती, रिसेप्शनवरून दोनदा फोन आला, त्यांनी घेतला नाही. आणि थोड्या वेळाने पोरगीने तेच केलं, हात वर, मान पुढे, परत, परत. ताईंनी बटण दाबून खूण केली, बाळाच्या अंगावरचं दुपटं बाजूला केलं म्हणजे व्हिडिओत हातपाय दिसावेत, आणि तोंडाने शांतपणे वेळ सांगत गेल्या. मी रडत होते. त्या नाही बोलल्या काही, बरं वाटेल असं खोटंही नाही बोलल्या, निकाल सांगणं माझं काम नाही, डॉक्टर बघतील एवढंच.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोलावलं, आणि इथे मी मनापासून पैसे वसूल म्हणेन कारण त्यांनी नुसता कागद हातात नाही ठेवला, स्क्रीन उघडून दाखवलं. खूण केलेली जागा काढली, एका बाजूला व्हिडिओत पोरगी हात वर करतेय आणि दुसऱ्या बाजूला आलेखात त्याच क्षणी हलण्याच्या रेघा सोडल्या तर काहीच नाही, मेंदूच्या लहरी आधी होत्या तशाच. फिट असती तर त्याच क्षणी आलेखात मोठा बदल दिसायला हवा होता. आणि झोपेतला भागही स्वच्छ. वेस्ट सिंड्रोममध्ये बहुतेकदा आलेख असा विस्कटलेला असतो की कुठल्याच दोन रेघांचा मेळ नाही, उंचच उंच, अस्ताव्यस्त, हिप्सॅरिथमिया म्हणतात, १९५२ पासून हे नाव चालतंय, आणि सुरुवातीला तो कधीकधी फक्त झोपेतच दिसतो. म्हणून झोप नसलेला ईईजी आमच्या डॉक्टरांनी बाजूला टाकला होता. हिचे झटके निरुपद्रवी प्रकारातले, दोन वर्षांच्या आत बहुतेक मुलांचे जातात म्हणाले. तरी लेखी दिलं की झटके बदलले, वाढले, हसणं ओळखणं कमी झालं, बसायला शिकलेली परत ढासळली, तर दोन आठवड्यांत पुन्हा झोपेचा ईईजी. नुसतं "काही नाही, घरी जा" नव्हतं.

मग मी आधीचा रिपोर्ट पुढे केला, लहरी मंद वाला. ते हसले नाहीत, पण भुवया वर गेल्या. म्हणाले चाळिशीच्या माणसाचा असता तर काळजी केली असती, सात महिन्यांच्या बाळाच्या मंदच असतात. तीन-चार महिन्यांच्या बाळाची डोक्यामागची लय सेकंदाला तीन-चार, वर्षाच्या आसपास सहा, तिसऱ्या वर्षी आठ, आणि मोठ्या माणसाची नऊ-दहा ही शाळेत गेल्यावर कधीतरी. हिची पाचच्या पुढे होती, वयाला बरोबर. झोपेतल्या स्पिंडल म्हणून ज्या छोट्या छोट्या लहरींच्या चळती असतात, सेकंदाला बारा ते चौदा, त्या पण दाखवल्या, आधी डावीकडे आली, मग थोड्या वेळाने उजवीकडे, दोन्हीकडे एकदम नाही. मला वाटलं बिघाड. तर म्हणे या वयात दोन्ही बाजू आपापल्या वेळेने चालतात, दीड-दोन वर्षांपर्यंत एकत्र यायला लागतात, आणि मोठ्या माणसात असं दिसलं तर मात्र शंका घ्यायची. म्हणजे तीच रेघ एका वयात बरोबर आणि दुसऱ्या वयात आजार, आणि वाचणाऱ्याला मुलांची सवय नसेल तर एका ओळीत एका आईची रात्र जाते. मला याचा राग अजून आहे.

नंतर बहिणीच्या मुलाला घेऊन परत इथेच आलो, तो सात वर्षांचा, दुसरीत. बाईंची तक्रार की वर्गात लक्ष नाही, हाक मारली तर बघत बसतो, वहीत वाक्य अर्धवट. घरी पण जेवताना घास हातात धरून थांबायचा, मग पुन्हा खायला लागायचा, आणि आम्ही ओरडायचो. त्याला ताईंनी एक भिरभिरं दिलं आणि सांगितलं तीन मिनिटं हे थांबू द्यायचं नाही, फुंकत राहायचं. जोरजोरात श्वास घेतला की अशा क्षणभर हरवण्याच्या फिट बाहेर येतात. त्याआधी फॉर्मवर विचारलं होतं दमा आहे का, हृदयाचं काही, घरात कुणाला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे का. सिकलसेल असेल तर हे फुंकणं करत नाहीत, विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या लोकांनी हे आपणहून सांगा, कुणी विचारायची वाट बघू नका.

तर दुसरं मिनिट चालू असेल, भिरभिरं मंद झालं, पोराची नजर एका जागी, ओठ किंचित हलतायत. ताई त्याच्या कानाशी म्हणाल्या, "जिराफ." काही नाही. आठ-दहा सेकंदांनी पुन्हा फुंकायला लागला, काही झालंच नाही अशा थाटात. झाल्यावर त्याला विचारलं, मी मघाशी कुठला प्राणी सांगितला? तो म्हणाला, कुठला प्राणी? बहिणीने माझा हात धरला. स्क्रीनवर त्या आठ सेकंदांत सगळ्या रेघांनी एकदम ठोका धरला होता, टोक आणि लाट, टोक आणि लाट, सेकंदाला तीन, इतकं नियमित की आम्हाला पण कळलं. त्याला अ‍ॅब्सेन्स म्हणतात, चार ते दहा वर्षांत सुरू होते, औषधाला चांगली दाद देते आणि बऱ्याच मुलांची पुढे वयात येताना थांबते. औषध सुरू आहे. शाळेच्या बाईंना रिपोर्टची झेरॉक्स दिलीय, आता त्या हाक नाही मारत, जवळ जाऊन उभ्या राहतात.

फुंकताना लहरी उंच आणि मंद होतात ते लहान मुलांत नॉर्मलच असतं, त्याला आजार समजू नये, हेही डॉक्टर बोलले. नंतर झगमगणारा दिवा डोळ्यासमोर लावला, वेगवेगळ्या वेगाने, त्यात काही निघालं नाही, पोराला फार आवडला.

अजून एक बघितलेलं सांगायलाच हवं. आमच्या आधी एक जोडपं आलं होतं, मुलाला तापात आकडी आलेली, कुणीतरी ईईजी करून या म्हणालं होतं. डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारपूस केली, वय दीड वर्ष, ताप होता, सगळ्या अंगाला आली, दोन मिनिटांत थांबली, त्या दिवशी एकदाच, पोरगं आता खेळतंय. म्हणाले याला ईईजी लागत नाही, पैसे घालवू नका, ताप आला तर काय करायचं आणि आकडी आली तर कुशीवर कसं वळवायचं ते शिकून जा. आणि खरंच परत पाठवलं. हल्ली असं कोण करतं?

उलट बाजूला आमच्या एका नातेवाईकांनी सुचवलेलं की तिथेच ब्रेन मॅपिंग करून घ्या, मूल डॉक्टर होणार की इंजिनियर ते कळतं. मी डॉक्टरांना विचारलं पण, लाज सोडून. ईईजीवरून हुशारी कळत नाही, ऑटिझम किंवा एडीएचडीचं निदान यावरून होत नाही, आणि ईईजी नॉर्मल आला म्हणजे फिट नाहीच असंही नाही, फिट येणाऱ्या मुलांत पहिल्याच साध्या ईईजीत साधारण निम्म्यांचाच दोष पकडला जातो. उलट ज्यांना कधी फिट आली नाही अशा शंभरातल्या दोन-चार मुलांच्या आलेखातही टोकं दिसतात. म्हणून आलेखापेक्षा तुमचा मोबाईल व्हिडिओ आणि काय काय घडलं त्याची हकिकत महत्त्वाची. व्हिडिओ काढताना बाळाला उचलू नका, पांघरूण काढा, दिवा लावा, चेहऱ्याचाच नको, पूर्ण अंग दिसू द्या, आणि शेवटी नावाने हाक मारा म्हणजे प्रतिसाद देतं का ते कळतं.

आता तक्रारी, कारण सेंटरवाले हे वाचतात असं ऐकलंय. पाजायला वेगळी खोली नाही. मुलांच्या सेंटरला नाही! ईईजीच्या खोलीत पडदा आहे पण वाट बघताना दुसरं बाळ रडलं की सगळ्या आयांनी जिन्यात जायचं का? एसी इतका गार की बाळ कुडकुडलं की त्याचाही थरथराट आलेखात, मग ताई बिचाऱ्या चादरी शोधत फिरतात, सोबत दुपटं आणि टोपीऐवजी गळ्यापर्यंत येणारं पांघरूण न्या, टोपीचा उपयोग नाही. वेळ दहाची देऊन साडेअकराला आत घेतलं, आणि बाळाला जागं ठेवा म्हणणाऱ्यांनी हे करणं म्हणजे छळ आहे, त्या दीड तासात आमची झोपली असती तर पुढचं सगळं ओमफस. रिपोर्ट फक्त इंग्रजीत. सीडी दिली ती आमच्या कुठल्याच कॉम्प्युटरवर उघडत नाही, आणि आजकाल सीडी ड्राइव्ह असतो तरी कुणाकडे. पैसे व्हिडिओसकट साध्यापेक्षा जास्त पडले, पण इतर ठिकाणी चौकशी केली होती, फार फरक नाही, आणि कार्ड चालतं म्हणाले ते मशीन बंद होतं म्हणून थोडी रोख जवळ असू द्या.

पेस्ट. घरी आल्यावर कोमट पाणी आणि शाम्पू, तरी कानामागे दोन दिवस पांढरे कण निघत होते. सासूबाईंनी खोबरेल लावून बोटाने हलकेच चोळलं तर सगळं सुटलं, आणि टाळूला तेल लावायचं राहिलेलं तेही वसूल करून घेतलं. कातडीवर लालसर गोल दिसतील, घाबरू नका, आमचे दुसऱ्या दिवशी गेले.

अपॉइंटमेंट घेताना सकाळची पहिली वेळ मागा, मग उशीर होत नाही. किंवा बाळ घरी ज्या वेळेला हमखास झोपतं ती वेळ सांगा, ताईंशी बोलायचंय म्हणून हट्ट धरा, त्या फोनवर आल्या तर नीट वेळ लावून देतात. आणि चिठ्ठीवर झटके कधी येतात ते डॉक्टरांकडून लिहूनच आणा, झोपेत, उठल्यावर, दूध पिताना, जे असेल ते, कारण या ताई ते वाचतात.